वाटीभर जुनं तेल

परवा आमच्याकडे विरजण संपलं. दिवेलागण झाली होती, दूध कोमट करून ठेवलेलं, आणि बायकोनं मला वाटी देऊन शेजारी पिटाळलं. शेजारच्या काकूंनी दार अर्धंच उघडलं. "दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत हो. सकाळी या, देते." मी रिकामी वाटी घेऊन जिन्यात उभा राहिलो आणि मला मंदाताई आठवल्या. अंगावर सरसरून काटा आला. दह्याच्या वाटीनं काटा येणारा माणूस नाशकात मी एकटाच असेन.

मंदाताई पेखळे आमच्या शाळेच्या आवारात गवत कापायची गाडी चालवायच्या. गंगापूर रोडनं धरणाकडे जाताना आमची निवासी शाळा लागते. तिथे मी निवृत्त होईपर्यंत स्टोअरकीपर होतो. दोन मैदानं, प्रार्थनेचं लॉन, पाहुण्यांच्या बंगल्यापुढचा उतार. एवढं गवत विळ्यानं कापायचं म्हटलं तर एका टोकाला पोचेपर्यंत दुसरीकडे गुडघाभर वाढतं. म्हणून संस्थेनं बसून चालवायची मोठी मोवर घेतली होती. तिला सगळे नुसतं 'गाडी' म्हणत.

या गाडीच्या दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याशीच गाठ आहे. एक म्हणजे तिला मोटारीसारखे गिअर नाहीत. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो आणि त्या तेलाच्या जोरावर चाकं फिरतात. वेगाचा एक दांडा आहे, तो पुढे करून ठेवला की गाडी एकसारखी चालत राहते. दुसरी गोष्ट सीटची. सीटखाली स्विच असतो. माणूस बसला की सीट स्प्रिंगवर दबते आणि इंजिन चालतं. माणूस उठला की इंजिन बंद. गाडी नवीन आली तेव्हा हौसेनं मीही एकदा बसलो होतो. घाबरून अर्धवट उठलो, तर गाडी जागच्या जागी गप्प. चालवणारा नसेल तर ही गाडी चालूच शकत नाही, असं तेव्हा कंपनीच्या माणसानं छाती ठोकून सांगितलं होतं.

आधी ही गाडी मंदाताईंचे मालक चालवायचे. रघुनाथ, आम्हा सगळ्यांचा रघू. चांगला आडवातिडवा माणूस. तो बसला की सीट पार तळाला टेकायची. मखमलाबादला त्यांची थोडी शेती, त्यात झेंडू आणि भाजीपाला. दुपारी मंदाताई घरून डबा घेऊन यायच्या, मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखाली बसायच्या आणि हाक मारायच्या, "अहो, जेवायला या!" इंजिनाच्या एवढ्या आवाजातही रघूला ती हाक बरोबर ऐकू जायची. गाडी तिथल्या तिथे थांबायची. मुख्याध्यापकांची हाक मात्र त्याला कधी ऐकू गेल्याचं मला आठवत नाही.

दसरा जवळ आला होता तेव्हाची गोष्ट. कार्यक्रमासाठी मैदान साफ करायचं होतं म्हणून रघू कामावर आला. दुपारी गाडी कडुनिंबाभोवती गोल फिरताना मी स्टोअरच्या खिडकीतून पाहिली. मंदाताई झाडाखाली बुंध्याकडे तोंड आणि गाडीकडे पाठ करून बसलेल्या, मांडीवर भाकरी. मी माझा डबा खाल्ला, हात धुतले, पुन्हा पाहिलं. गाडी अजून फिरतच होती, त्याच गोलावर. गवत कापून कापून खाली माती दिसायला लागली होती. रघूची मान पुढे झुकलेली, हात स्टेअरिंगच्या डाव्या बाजूला अडकलेला. आम्ही धावत गेलो आणि त्याला उतरवला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडून बराच वेळ झाला असावा.

सीटवर वजन होतं आणि दांडा पुढे होता, त्यामुळे गाडी थांबली नाही. कारण एवढं साधं होतं.

पुढे मंदाताईंनी संस्थेकडे त्याचीच जागा मागितली. बाईमाणूस ही गाडी कशी चालवणार, म्हणून मॅनेजर कुलथे साहेब आढेवेढे घ्यायला लागले. मंदाताई म्हणाल्या, "बैलगाडी हाकलीय सायब, औत हाकलंय. ह्याला तर शिंगं बी नायत." पंधरवड्यात त्या गाडी सरळ रेषेत चालवायला लागल्या. सरळ म्हणजे जवळजवळ सरळ. गाडी रघूच्या नंतर डावीकडे ओढायची आणि मंदाताई सारखं स्टेअरिंग उजवीकडे रेटून ती ताळ्यावर ठेवायच्या.

बुटकी, काटक बाई. साडीवर रघूचा खाकी शर्ट, बाह्या दुमडलेल्या. तोंडानं फटकळ. मुलांनी कापलेल्या गवतात चॉकलेटचे कागद टाकले तर त्यांच्या आजोळपर्यंत उद्धार व्हायचा. कुलथे साहेबांना तर त्या तोंडावर 'लोण्याचा गोळा' म्हणायच्या, आणि साहेब खरंच तसेच असल्यामुळे हसायचे. पण गाडीशी बोलताना आवाज बदलायचा. आम्ही सगळे गाडीला 'ती' म्हणायचो, त्या मात्र 'अहो' म्हणायच्या. "अहो, सावकाश. पुढं खड्डा हाय." सुरुवातीला माळी तोंडावर हात ठेवून हसले. नंतर हसायचे थांबले आणि त्या गाडी घेऊन निघाल्या की आपली खुरपी उचलून दुसरीकडे जायला लागले.

गाडीचं तेल बदलायचं झालं की फिल्टर आणि तेलाचे डबे घेऊन मला शेडमध्ये जावं लागायचं. पहिल्या खेपेला मी उगाच उभा राहून बघत होतो. मंदाताईंनी आधी गाडी थोडी फिरवून आणली. तेल गार असलं की घट्ट राहतं, तळाचा गाळ निघत नाही. "कोमट व्हाया पायजे," म्हणाल्या. मग फिल्टरच्या भोवतीची माती फडक्यानं पुसली, खाली परात सरकवली आणि बूच उघडलं. तेल काळसर धारेनं पडायला लागलं. पट्टा घालून जुना फिल्टर सोडवला, नव्या फिल्टरच्या रबरी कडीला बोटानं तेल लावलं. हे सगळं तुपाचा हात लावावा इतक्या मायेनं चाललं होतं. नवीन फिल्टर हातानंच आवळला. इथवर सगळं पुस्तकात असतं तसं होतं.

मग त्यांनी डब्यातली स्टीलची वाटी काढली. परातीतलं जुनं तेल वाटीभर घेतलं आणि फळीवर ठेवून दिलं. नवीन तेल ओतायच्या आधी ती वाटी टाकीत रिकामी केली.

मी ओरडलोच. "अहो ताई, मग बदललं काय? घाण तेल परत आत!"

"विरजण हाय, भाऊ."

"कशाचं विरजण?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी दही कशाचं होतं ते विचारलं होतं. "चाकं कोण फिरवतं? तेल. त्या दिवशी बी तेलच फिरवत व्हतं ना ह्यांना? तेच तेल हाय हे. सगळं काढलं तर मागं काय राहील?"

मी भूत मानत नाही. देव मानतो, आणि एका पगारात तेवढं एकच परवडतं. पण नवीन तेल भरल्यावर आत अडकलेली हवा काढायला त्यांनी मागची चाकं उचलून, सीटवर बसून गाडी चालू केली, तेव्हा पंपातून जो आवाज आला तो ऐकून मी दोन पावलं मागे सरलो. जड माणूस झोपेत कण्हतो तसा आवाज. हवा असली की पंप कण्हतोच, हे मला माहीत होतं. मंदाताई मान तिरकी करून ऐकत होत्या आणि आवाज थांबल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले. मी हाताला काहीतरी काम हवं म्हणून फळीवरची रिकामी वाटी उचलली. परातीतलं तेल केव्हाच गार झालं होतं. वाटी मात्र कोमट होती, नुकतीच कुणीतरी हातातून खाली ठेवल्यासारखी. पत्र्याची शेड, वरून ऊन. मी स्वतःला तसं सांगितलं.

त्यानंतर दर खेपेला तेच. आधीच्या तेलातली वाटी नव्यात, नव्यातली पुढच्यात. जुने फिल्टर त्या भंगारवाल्याला देत नसत. शेडच्या फळीवर ओळीनं उपडे मांडून ठेवत. आणि एक वाटी अडीअडचणीला म्हणून काचेच्या बरणीत वेगळी असायची.

या बरणीमुळेच बाळूचं प्रकरण झालं. बाळू म्हणजे आमच्या कुंपणापलीकडे लग्नं होणाऱ्या लॉनचा राखणदार. त्यांच्याकडे आमच्यासारखीच गाडी होती. दुसऱ्या दिवशी लग्न, आणि गाडीतलं तेल कमी झालेलं. तो आमच्याकडे आला तेव्हा सांज झाली होती. मंदाताई शेडमध्ये दिवा लावत होत्या.

"मावशी, वाईच तेल द्या. लग्नाचा टाइम हाय."

"सकाळी ये. दिवे लागल्यावर देत नाय."

"आवं, मी काय दही मागतोय?"

मंदाताई नळावर हात धुवायला गेल्या. बाळूनं बरणी उचलली आणि कुंपणावरून पसार झाला.

सकाळी मी कामावर येतो तर बाळू आमच्या फाटकाशी उकिडवा बसलेला, तोंड पांढरंफटक. त्यांच्या लॉनच्या मधोमध आंब्याचं झाड आहे. "मावशी, स्टेरिंग हातात ऱ्हाईना," तो सांगत होता. "डावीकडंच ओढतंय. झाडाभोवती फिरतंय नि फिरतंय. मी सीटवरून उडी मारली तवा थांबलं." मी कुंपणावरून डोकावलो. लग्नाच्या मांडवाशेजारी, आंब्याभोवती मातीपर्यंत कापलेला स्वच्छ गोल होता.

मंदाताई भडकल्या. "दुसऱ्याच्या दारी राबाया नेलं व्हय रे त्यांना?" परात आणि पाना घेऊन त्या तरातरा पलीकडे गेल्या. बाळूच्या गाडीतलं सगळं तेल काढलं, त्यातलं बरणीभर परत आणलं आणि बरणी पदराखाली धरूनच शेडमध्ये शिरल्या. बाळूच्या गाडीनं पुन्हा कधी गोल मारला नाही. रात्रभर पिऊन होता, असं पुढे बाळूच सांगत फिरला. तो माळकरी आहे. त्यानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, पण त्याला तेच बरं वाटलं असावं.

त्या दिवशी दुपारी मंदाताई डबा घेऊन स्टोअरच्या पायरीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमाला वाटत आसंल, बाईचं डोकं फिरलंय."

मी म्हटलं, "तसं नाही." वाटत तसंच होतं.

"त्या दिवशी आमचं भांडाण झालं व्हतं. झेंडू तोडाया आलेला, बाजारला न्यायचा. मी म्हनलं, आजचा दिवस सुट्टी घ्या. ह्यांनी ऐकलं नाय. मी रागानंच डबा घिऊन आले. एकदा हाक मारली. एकदाच. थांबले नायत. मला वाटलं, ऐकू यिऊन बी थांबत नायत. मग मी बी पाठ फिरवली, आन् जेवले." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तो हातातच राहिला. "ते मागं फिरत व्हते, भाऊ. तसेच. आन् मी चटणीसंगं भाकर खाल्ली. उपाशी गेला मानूस. अजून फिरतोय तो, जेवला नाय म्हनून."

त्या गाडीत कुणी असो वा नसो, या बाईनं त्याला तिथे जपून ठेवला होता, आणि त्याला एकदा जेवायला बसवल्याशिवाय तिची सुटका नव्हती, एवढं मला त्या पायरीवर कळलं.

आणि नेमकं त्याच सुमारास गाडी कुरकुरायला लागली. वेग पडला, उतारावर चढेना. कुलथे साहेबांनी सातपूरहून मेकॅनिक बोलावला. त्यानं तेल बोटावर घेऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हे तेल आहे की काजळ? पंप आतून घासत आलाय. वर्षानुवर्षांची घाण आहे ही. टाकी, नळ्या, सगळं धुऊन काढावं लागेल. एक थेंब ठेवून चालणार नाही. नाहीतर महिनाभरात गाडी भंगारात."

त्याचं बरोबरच होतं. विरजणानं गाडी आतून खाल्ली होती.

मंदाताईंनी शेडला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. कुलथे साहेब स्वतः आले. "मंदाताई, ऐका. नाही धुतलं तर गाडीच जाईल. मग काय जपणार?" माणूस खरंच लोण्याचा गोळा. त्यांना रागावताही येत नव्हतं.

"एक वाटी ठिवू द्या, सायब."

"वाटीनंच हे झालंय हो."

त्यांनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. मग म्हणाल्या, "जेवनाच्या सुट्टीनंतर काढा. त्याच्या आधी मला गाडी एकदा न्यायचीय."

ऑक्टोबरचं ऊन होतं. पोरं जेवणघरात, मैदान रिकामं, पाखरूसुद्धा नाही. मंदाताई गाडी घेऊन कडुनिंबाकडे गेल्या. मी आणि मेकॅनिक शेडच्या दारात उभे होतो. तो हत्यारं मांडत होता, मी बघत होतो. त्या झाडाशी पोचल्या, दांडा पुढे केला आणि खाली उतरल्या.

इंजिन बंद पडलं नाही.

गाडी झाडाभोवती फिरायला लागली. डावीकडे, त्याच गोलावर. मेकॅनिकच्या हातातला पाना तसाच राहिला. "सीटचा स्विच गेला असेल," तो म्हणाला, पण हळू. मी सीटकडे पाहत होतो. मंदाताई बसल्या की सीट अर्धी दबायची. आता त्या झाडाखाली बसून डबा उघडत होत्या, सीटवर कुणी नव्हतं आणि सीट पार तळाला टेकली होती.

या वेळी त्यांनी पाठ केली नव्हती. तोंड गाडीकडे करून त्या बसल्या. दोन भाकऱ्या काढल्या, एक आपल्यापुढे, एक समोर. तीच स्टीलची वाटी पुसून तिच्यात पिठलं वाढलं.

"अहो, जेवायला या."

गाडी फिरत राहिली. एक गोल पुरा झाला. मला, भूत न मानणाऱ्याला, मनापासून वाटत होतं, थांब बाबा रघू, थांब एकदाचा.

मंदाताईंनी पुन्हा हाक मारली. या खेपेला आवाज रडवेला होता. "अहो, या ना. मी बोलावतेय. चुकलं माझं."

इंजिन थांबलं. धूळ खाली बसली. मग सीट सावकाश वर आली, जड माणूस गुडघ्यावर हात टेकून उठल्यावर येते तशी.

मंदाताई लगेच जेवल्या नाहीत. समोरच्या भाकरीवरची माशी हाकत बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी आपला पहिला घास घेतला. आम्ही दोघं तिथून हललो नाही.

गाडी शेडमध्ये आणल्यावर मेकॅनिकनं पहिल्यांदा स्विच तपासला. बसला, चालू केली, उठला. बंद. परत बसला, उठला. बंद. स्विच ठणठणीत होता. त्यानंतर तो कामापुरतंच बोलला. बूच मात्र मंदाताईंनी स्वतः उघडलं. टाकी धुतली, नळ्या सोडून धुतल्या, परातीत शेवटी नुसतं स्वच्छ तेल यायला लागलं. मीच न राहवून विचारलं, "ताई, वाटी?"

"जेवले ते, भाऊ." त्यांनी हात पुसले. "काढा सगळं."

नवीन फिल्टर चढला, नवीन तेल पडलं, हवा निघताना पंप कण्हला. मंदाताईंनी या वेळी कान दिला नाही. त्या फळीवरचे जुने फिल्टर गोणीत भरत होत्या, भंगारवाल्यासाठी. गाडी मैदानावर नेली तर दोरीनं आखल्यासारखी सरळ गेली. परत येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "आता ही नुसती गाडी हाय." पहिल्यांदाच त्यांनी तिला 'ही' म्हटलं होतं.

थोड्याच दिवसांत त्यांनी नोकरी सोडली. घरचा झेंडू बघायला माणूस हवा म्हणाल्या.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते फुलबाजारात. दसऱ्याची झुंबड ओसरली होती, दुपार झाली होती. रिकाम्या क्रेटच्या आडोशाला, सावलीत, मंदाताई भाकरीचं फडकं सोडून बसल्या होत्या. खाकी शर्ट नव्हता. मला पाहून हसल्या. "या भाऊ, जेवायला या."

"नको ताई, आत्ताच जेवलोय."

"या ना," त्या परत म्हणाल्या. "मी आता एकदा बोलावून गप ऱ्हात नाय."

मी चपला काढून बसलो. त्यांनी शेजारची पिठल्यानं भरलेली वाटी माझ्याकडे सरकवली. स्टीलची, तीच. पिठलं पहाटेचं, पार गार होऊन वर साय धरलेलं. मी वाटी उचलली आणि माझा हात तसाच राहिला. मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मान खाली घालून त्या जेवत राहिल्या.

वाटी कोमट होती.